घरचे टोमॅटो आले, पण चव का नाही आली?

सोनटक्का
९ फेब्रुवारी, सकाळी ९.१२

नमस्कार मंडळी. मी विलेपार्ल्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरीला बाहेरून बॉक्स ग्रिल आहे, त्यात यंदा पहिल्यांदाच टोमॅटो लावले. चार कुंड्या. सप्टेंबरपासून जीव लावून वाढवले. सकाळी चहाचा कप घेऊन आधी त्यांच्यापाशी जायचं, मग बाकीची कामं. रोपांना नुसता हात लागला तरी बोटांना तो उग्र हिरवा वास चिकटायचा आणि साबण लावला की फेस पिवळट-हिरवा व्हायचा. लेक मुद्दाम पानं चोळून हात धुवायला पळायची.

परवा पहिले सहा टोमॅटो काढले. चिरले, मीठ भुरभुरवलं, सगळ्यांना एकेक फोड दिली. सासरे म्हणाले, "छान आहे." त्यांना माझं मन मोडवत नाही. लेकीने खरं ते सांगितलं, "आई, हा तर भाजीवाल्याकडचाच लागतोय."

तिचं बरोबर होतं. पांचट. ना आंबट, ना गोड, नुसतं पाणी. पाच महिन्यांची मेहनत आणि हातात हे. मला किलोकिलोने नकोत, चारच आले तरी चालतील, पण खाल्ल्यावर टोमॅटो खाल्ला असं वाटलं पाहिजे. कुठे चुकलं असेल? की मुंबईच्या हवेत चवदार टोमॅटो होतच नाही?

कुर्ला_ते_वाशी
९ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

लेकीला आमच्या सोसायटीच्या पाककृती स्पर्धेला परीक्षक म्हणून पाठवा. :)

गच्चीवरची_माती
९ फेब्रुवारी, सकाळी १०.०५

मुंबईत होतो, आणि चांगला होतो. मी अकरा वर्षं मुलुंडला गच्चीवर लावतेय. पण आधी थोडं विचारते. बी कुठलं? ऊन किती तास? पाणी किती वेळा? खत काय घातलं? काढल्यावर ठेवले कुठे? हे पाच प्रश्न सुटले की तुमचा टोमॅटो सुटला.

सोनटक्का
९ फेब्रुवारी, दुपारी १.३०

बी : बाजारातून आणलेला एक छान लालभडक टोमॅटो पिळून, राखेत सुकवून.
ऊन : गॅलरी पूर्वेची. आठ-सव्वाआठला येतं, अकरापर्यंत असतं. समोरची बिल्डिंग पुनर्विकासाला गेलीय, तिची हिरवी जाळी दिवाळीपासून थेट आमच्या तोंडासमोर.
पाणी : सकाळ-संध्याकाळ. कधीच सुकू दिलं नाही.
खत : दर आठवड्याला गांडूळखत. शिवाय रोपवाल्याने पांढरी दाणेदार पुडी दिली होती, पंधरा दिवसांनी चमचा-चमचा टाका म्हणाला. रोपं माझ्या खांद्याला लागलीत, पानं काळपट हिरवीगार.
ठेवले कुठे : पोपट टोचतात म्हणून केशरी झाल्याबरोबर काढले आणि फ्रिजमध्ये ठेवले. पाहुणे रविवारी यायचे होते.

गच्चीवरची_माती
९ फेब्रुवारी, दुपारी २.१०

सोनटक्का, मन खट्टू करून घेऊ नका, पण पाचही ठिकाणी थोडं थोडं गेलंय. संध्याकाळी सविस्तर लिहिते. ती पांढरी पुडी आज बंद करा. युरिया असणार.

पिंपळगावकर
९ फेब्रुवारी, दुपारी ३.२५

मी निफाड तालुक्यात टोमॅटो करतो, माझा माल वाशीच्या घाऊक बाजारात येतो. बियाचं मी सांगतो.

तुम्ही जो टोमॅटो पिळलात तो संकरित वाण. दोन वेगळ्या जातींचा संकर करून ते बी तयार होतं, पहिल्या पिढीत सगळी फळं एकसारखी येतात. त्याच फळातलं बी परत लावलं की गुण विस्कटतात. चार कुंड्यांत चार तऱ्हेची रोपं निघाली असतील, बघा नीट. आणि मुळात त्या वाणाची निवड चवीवर झालेलीच नाही. व्यापारी विचारतो : साल जाड आहे का, दाबल्यावर कडक लागतो का, २० किलोच्या कॅरेटात खालच्या थराचा चिखल होणार नाही ना? कसारा घाट उतरून माल पहाटे वाशीत उभा राहिला पाहिजे. म्हणून बुडाला जरा रंग फिरला की आम्ही तोडा करतो. लिलावात आम्हाला पैसे मिळतात ते रंगाचे, आकाराचे, कडकपणाचे. आजवर एकाही माणसाने माझा टोमॅटो खाऊन बघून भाव केलेला नाही.

घरच्यासाठी विहिरीजवळ दोन-चार जुनी रोपं वेगळी असतात. त्याची साल एवढी पातळ की गावातल्या दुकानापर्यंत नेईतो फुटेल.

मुलुंडकर_काका
९ फेब्रुवारी, सायंकाळी ५.००

म्हणूनच मी सांगत असतो, गावरान लावा. संकरित म्हटलं की चव गेलीच.

पिंपळगावकर
९ फेब्रुवारी, सायंकाळी ५.४५

काका, तेवढं सरसकट नाही. लहान चेरी टोमॅटोचे संकरित वाण साखरेसारखे गोड असतात, मी स्वतः खाल्लेत. आणि गावरान म्हणून विकलेलं बी दरवेळी चांगलं निघतं असंही नाही. वाण कशासाठी निवडला, ते बघायचं. घरी बी धरायचं असेल तर सरळ वाण घ्या, म्हणजे ज्याचं बी परत लावलं तरी गुण तेच राहतात : राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री, दिल्लीचा जुना पुसा रुबी, बंगळूरचा अर्का विकास. पुसा रुबी चपटा असतो, अंगावर हलक्या घड्या, रसाळ आणि चांगला आंबट. साराला तोच.

रसायनी
९ फेब्रुवारी, रात्री ८.२०

पेशाने रसायनशास्त्राची शिक्षिका, गोरेगाव. यात मला फार रस आहे, म्हणून थोडं लांबेल.

टोमॅटोची चव तीन गोष्टींतून येते. साखर (ग्लुकोज आणि फ्रुक्टोज), आम्लं (लिंबातलं सायट्रिक आणि सफरचंदातलं मॅलिक) आणि हवेत उडणारी सुगंधी द्रव्यं. जिभेला पहिली दोनच कळतात. बाकी "टोमॅटोपणा" नाकातून कळतो, घास चावताना मागच्या बाजूने नाकात शिरतो तो वास. सर्दी झाली की टोमॅटो नुसता आंबट लागतो तो त्यामुळेच.

आता फ्रिज. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली हे नीट तपासलं होतं. पिकलेले टोमॅटो आठवडाभर ५ अंशांवर ठेवले, मग पुन्हा खोलीच्या तापमानाला आणले. साखर आणि आम्लं जवळपास होती तशीच राहिली, पण सुगंधी द्रव्यं घटली आणि बाहेर काढल्यावरही पूर्ण परत आली नाहीत. थंडीने ती द्रव्यं बनवणारी जनुकंच मंदावतात. सोनटक्का, तुमचा टोमॅटो आधीच पातळ होता, त्यात त्याचा आवाज फ्रिजने बंद केला.

दुसरी गोष्ट खांद्यांची. जुन्या वाणाचं कच्चं फळ पाहिलंत तर देठाजवळचा भाग गडद हिरवा असतो. बाजारातला कच्चा टोमॅटो मात्र सगळीकडे सारखाच फिकट. सत्तरएक वर्षं जगभर एकसारखा रंग धरणारे वाण निवडले गेले, कारण पेटीत ते देखणे दिसतात आणि काढणीही सोपी होते. २०१२ साली त्यामागचं जनुक सापडलं. ते बिघडलं की कच्च्या फळात हरितद्रव्य कमी बनतं, आणि फळ स्वतः जी थोडी साखर तयार करतं तीही घटते. म्हणजे हिरवे खांदे हा दोष समजून काढला आणि त्याच्यासोबत गोडी गेली. पिंपळगावकरांनी सांगितलेल्या अर्का विकासला फिकट हिरवे खांदे असतात, म्हणून मी तो लावते.

अनुपमा_पवई
९ फेब्रुवारी, रात्री ९.०२

फ्रिजबद्दल वाचायला छान आहे हो, पण मुंबईत मे महिन्यात ओट्यावर टोमॅटो ठेवून दाखवा. दुसऱ्या दिवशी चिलटं, तिसऱ्या दिवशी पाणी. आम्ही दोघं नोकरी करतो, भाजी आठवड्यातून एकदा येते. आमच्याकडे फ्रिजशिवाय पर्याय नाही.

रसायनी
९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

अनुपमा, मान्य. बाजारातला स्वयंपाकाचा टोमॅटो खुशाल फ्रिजमध्ये ठेवा, फोडणीत जाणारच आहे. मी बोलतेय ते घरी पिकवलेल्या, कच्चा खायच्या चार फळांबद्दल. ती एका थरात, देठाची बाजू खाली करून, जाळीच्या झाकणाखाली ठेवायची आणि दोन-तीन दिवसांत खाऊन टाकायची. माझ्याकडे तर तेवढीही राहत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा
९ फेब्रुवारी, रात्री १०.१५

आमच्याकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात. भेदरं निखाऱ्यावर भाजायचं, साल काळी पडून तडकली पाहिजे. सोबत हिरवी मिरची आणि लसूणही भाजून घ्यायचा. सगळं पाट्यावर किंवा परातीत हातानेच चेचायचं, मीठ, कोथिंबीर, वरून कच्चं तेल. सोबत ज्वारीची भाकर. मिक्सर नको. मुंबईत येऊन वीस वर्षं झाली, गॅसवर जाळी ठेवून करतो, पण बाजारच्या टोमॅटोला नुसतं पाणी सुटतं. त्यामुळे हा धागा माझ्यासाठी फार महत्त्वाचा आहे.

शिवडी_बंदर
९ फेब्रुवारी, रात्री १०.४०

आणि सार! टोमॅटो उकडून, वाटून, गाळून घ्यायचे. तुपात जिरं-कढीपत्ता, गुळाचा खडा, शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर उकळू द्यायचं नाही, फाटतं. आंबट टोमॅटो नसेल तर चिंच-कोकमाची मदत घ्यावी लागते, मग ते टोमॅटोचं सार राहत नाही.

कुर्ला_ते_वाशी
९ फेब्रुवारी, रात्री १०.४४

रात्री पावणेअकराला हे वाचायला नको होतं.

गच्चीवरची_माती
९ फेब्रुवारी, रात्री ११.३०

हं, आता माझं.

साखर पानांत बनते, उन्हात. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. तुमच्या रोपांना तीन तास ऊन, तेही जाळीतून. एवढ्यावर पालेभाजी होईल, टोमॅटो फळेलही, पण त्याच्या फळात भरायला साखर आणणार कुठून? सहा तास थेट ऊन हवंच, आठ मिळालं तर सोनं. आणि पानं तोडू नका. फळावर ऊन पडावं म्हणून पानं छाटणारे पुष्कळ पाहिलेत. फळाला उन्हाची तेवढी गरज नसते, पानाला असते. जमिनीला टेकणारी खालची पानं आणि पिवळी पडलेली काढा, बस. बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारा कोंब, मात्र लहान असतानाच चिमटीने खुडायची, नाहीतर नुसतं जंगल होतं.

पाणी. इथे बहुतेक सगळ्यांचं प्रेम आडवं येतं. रोज दोनदा पाणी म्हणजे फळ पाण्याने फुगतं, आतला रस पातळ होतो. मी बोट मातीत दोन पेरं खुपसते, कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही सकाळी, कुंडीच्या बुडातून बाहेर येईपर्यंत. फळं पूर्ण आकाराची होऊन रंग फिरायला लागला की पाणी आणखी हात राखून. दुपारी पानं जराशी मलूल दिसली तर घाबरत नाही, संध्याकाळी स्वतःहून उठली म्हणजे ठीक आहे. पण हे हळूहळू करायचं. चार दिवस सुकवून पाचव्या दिवशी बादली ओतली की फळं तडकतात. आणि बुडाला तो काळा, चामड्यासारखा डाग पडतो ना, त्याचंही मूळ बहुतेक वेळा पाण्याच्या अनियमितपणात असतं. फळाला चुना (कॅल्शियम) कमी पडला की तो डाग येतो. मातीत चुना असतो, पण तो पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतो.

खत. युरियाने पानं हिरवीगार होतात, फुलं उशिरा लागतात, फळ मिळमिळीत होतं. लागवडीच्या वेळी मातीत चांगलं कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि फुलं लागल्यावर पालाश (पोटॅश). एवढंच.

कुंडी छोटी असेल तर हे काहीच पाळता येत नाही, कारण ती दुपारीच सुकते. एका रोपाला निदान वीस लिटरची बादली.

भोईवाडा
१० फेब्रुवारी, सकाळी ७.५०

पालाशसाठी राख उत्तम. आमच्या गल्लीत पावाची बेकरी आहे, लाकडाची भट्टी. मी तिथून पिशवीभर राख आणतो आणि सगळ्या कुंड्यांत घालतो.

रसायनी
१० फेब्रुवारी, सकाळी ८.१५

भोईवाडा, कृपया आधी विचारा की भट्टीत काय जळतं. जुनं फर्निचर, प्लायवूड, रंग दिलेल्या चौकटी जळत असतील तर ती राख भाजीच्या मातीत नको, रंगातलं शिसं त्यात उतरतं. शुद्ध लाकडाची असली तरी कुंडीला एखादा चमचा पुरे, राखेने मातीचा अल्कपणा वाढतो.

भोईवाडा
१० फेब्रुवारी, रात्री ८.३०

विचारलं. भंगारातलं लाकूडच येतं म्हणाला. राख बंद. खरंच आभार, घरात लहान मूल आहे.

दहावा_मजला
१० फेब्रुवारी, रात्री ९.१०

माझी उलटी अडचण होती. ऊन भरपूर, फुलं भरपूर, फळ एक नाही. फुलं देठापासून गळायची. दहाव्या मजल्यावर मधमाशी येत नाही म्हणून असेल असं वाटलं. मग वाचलं की टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतःला पुरतं, फक्त त्याला थरथर लागते. पराग आतल्या नळीत असतो, हादरा बसला की खाली झडतो. आता सकाळी दहाच्या सुमाराला फुलांच्या देठामागे बोटाने टिचकी मारतो. बायको बॅटरीवर चालणारा टूथब्रश लावते, तिची फळं जास्त आलीत.

आणि दिशेबद्दल. माझी गॅलरी दक्षिणेची. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा आत ऊन येतच नाही. पण डिसेंबरात मुंबईत भर दुपारीही सूर्य ४७-४८ अंशांपर्यंतच चढतो, ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. टोमॅटोचा मोसम आणि दक्षिणेच्या गॅलरीचा मोसम एकच. ज्यांची दक्षिण आहे त्यांनी संधी सोडू नये.

गच्चीवरची_माती
१० फेब्रुवारी, रात्री ९.४०

फुलगळीला उष्माही कारण असतो. दिवस ३५ च्या वर आणि रात्र पंचविशीच्या खाली उतरत नसेल तर पराग निकामी होतो. म्हणून मुंबईत फुलं डिसेंबर-जानेवारीत यायला हवीत, सांताक्रूझचा पारा रात्री १६-१७ पर्यंत उतरतो तेव्हा. मार्चअखेर लागलेली फळं लालही होत नाहीत धड, तिशीच्या वर लाल रंग बनणं मंदावतं आणि फळ केशरीच राहतं.

चाळीचा_सचिव
११ फेब्रुवारी, सकाळी ११.००

मी एका सोसायटीचा सचिव आहे. "वीस लिटरची बादली" वाचून लिहितोय. ओली माती भरलेली अशी एक बादली २५-३० किलो भरते. ग्रिलमध्ये दहा बादल्या म्हणजे पाव टनाच्या वर वजन भिंतीत ठोकलेल्या चार खिळ्यांवर. खाली मुलं खेळतात. कृपा करून ग्रिलमध्ये मोठ्या कुंड्या ठेवू नका.

कुर्ला_ते_वाशी
११ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

सचिवसाहेब, मग गच्चीची किल्ली द्या!

चाळीचा_सचिव
११ फेब्रुवारी, दुपारी १२.०५

मागून तर बघा. आमच्याकडे तिघांना दिलीय. अटी अशा : बादल्या कठड्यालगत, खालच्या बीमच्या रेषेत; प्रत्येकीखाली विटा आणि ताट, म्हणजे वॉटरप्रूफिंगवर पाणी साचत नाही; मातीत निम्मं कोकोपीट आणि सुका पाला, वजन हलकं होतं. सभासद लेखी अर्ज घेऊन आले की समिती ऐकते. आधी कुंड्या चढवून मग भांडायला आले की कोणीच ऐकत नाही.

शिवडी_बंदर
११ फेब्रुवारी, दुपारी ३.१५

सुक्या पाल्यावरून आठवलं. आमच्याच भागात मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून अख्खी बाग उभी केली. त्यामागची पद्धत कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवार या शेतीप्रयोगांच्या चळवळीतून आलेली. मी त्यातलं अमृतजल करतो : दहा लिटर पाणी, किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस ठेवायचं, रोज दोन-तीनदा ढवळायचं, मग दहापट पाणी घालून वापरायचं. सुका पाला त्यात भिजवून थर लावले की तीन-चार महिन्यांत काळी, हलकी माती. हातात घेतली की पहिल्या पावसाचा वास येतो. शेण तबेल्यातून मिळतं.

अनुपमा_पवई
११ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

आणि शेजाऱ्यांना तीन दिवस काय सांगता? :)

शिवडी_बंदर
११ फेब्रुवारी, दुपारी ४.००

झाकण ठेवतो, आणि मोसमातला पहिला टोमॅटो त्यांच्याकडे जातो.

सोनटक्का
१२ फेब्रुवारी, सकाळी ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वहीत उतरवलंय. उरलेली फळं झाडावर पूर्ण लाल होऊ दिली, फ्रिजला हात लावला नाही, पाणी एकवेळ. थोडा फरक आहे, वास तरी येतोय. पण ऊन नाही ते नाहीच. सप्टेंबरात नव्याने सुरुवात करेन.

सोनटक्का
१८ सप्टेंबर, सकाळी १०.३०

धागा वर काढतेय. सोसायटीकडे लेखी अर्ज दिला, सचिवसाहेबांनी सांगितलेल्या अटी मीच त्यात लिहिल्या होत्या. चार बादल्यांची परवानगी मिळाली! पुसा रुबी आणि अर्का विकासचं बी आणलंय. आता पेरू का? पाऊस अजून आहे.

गच्चीवरची_माती
१८ सप्टेंबर, सकाळी ११.१५

अभिनंदन! आता पेरा, पण रोपं पत्र्याखाली ठेवा, पावसाचा मारा नको. सहा-आठ पानांवर आली की ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस परतला की बादलीत. लावताना खालची पानं काढून खोड अर्ध्यापर्यंत मातीत गाडा, त्या खोडालाच मुळं फुटतात. चार दिवस आधीपासून थोडं थोडं ऊन दाखवा.

मुलुंडकर_काका
१८ सप्टेंबर, दुपारी १.००

पांढऱ्या माशीकडे लक्ष ठेवा. पानाची पाठ रोज बघा. शेंड्याची पानं चुरगळून बारीक व्हायला लागली तर तो विषाणू, माशीच तो पसरवते. औषध नाही, रोप उपटून पिशवीत बांधून टाका, बाकीची वाचतील. पिवळे चिकट सापळे आधीच टांगा. मी हळहळत एक रोप ठेवलं होतं, त्याने पाच नेली.

सोनटक्का
२ डिसेंबर, सायंकाळी ६.२०

फुलं आली. टिचकी मारायचं काम लेकीकडे आहे, शाळेत जायच्या आधी गच्चीवर जाऊन येते. एक रोप काका म्हणाले तसं चुरगळलं, उपटलं. वाईट वाटलं. तीन उरलीत.

एक शंका : फळ पूर्ण झाडावरच लाल होऊ द्यायचं ना? गच्चीवर पोपटांची टोळी आहे.

गच्चीवरची_माती
२ डिसेंबर, रात्री ८.००

झाडावरच. त्याला पर्याय नाही. जाळी लावा.

पिंपळगावकर
२ डिसेंबर, रात्री ९.१५

माझं मत वेगळं आहे. निम्मा रंग फिरला की झाडाकडून फळाला जे मिळायचं ते बहुतेक मिळून गेलेलं असतं. तेव्हा काढून घरात सावलीत ठेवला तरी तसाच पिकतो, पोपटही हात लावत नाहीत. आम्ही वाशीला पाठवतो तो याहून खूप आधीचा असतो, त्याच्याशी याची तुलना नको.

रसायनी
२ डिसेंबर, रात्री ९.४०

सोनटक्का, दोन्ही करून बघा ना. एकाच रोपाची, एकाच घोसातली फळं घ्या. आम्हालाही कळेल.

सोनटक्का
३१ जानेवारी, रात्री ८.४५

करून बघितलं. अर्का विकासच्या एकाच रोपावरची तीन फळं. पहिलं पूर्ण झाडावर लाल केलेलं. दुसरं निम्म्या रंगावर काढून ओट्यावर जाळीखाली पाच दिवस ठेवलेलं. तिसरं झाडावर पिकवून मुद्दाम आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेलं, खायच्या आधी चार तास बाहेर काढलेलं. लेकीने स्टीलच्या तीन ताटल्यांच्या बुडाला खुणा केल्या, कोणाला काय ते सांगितलं नाही.

चिरतानाच फरक दिसला. सुरी लावल्यावर पहिल्या दोघांचा वास टेबलापलीकडे बसलेल्या सासऱ्यांपर्यंत गेला. आत बियांभोवतीचा गर दाट, हिरवट-लाल, ताटलीत पाणी सुटून पसरला नाही. देठाजवळ कापल्यावर तोच वास, मागच्या वर्षी बोटांना यायचा तो, पण गोड होऊन आलेला.

फ्रिजचा चौघांनीही ओळखला. गोड होता, आंबटही होता, तरी मुका. उरलेल्या दोघांत मला झाडावरचा उजवा वाटला, नवऱ्याला ओट्यावरचा, लेकीला दोन्ही सारखे. तेव्हा गच्चीवरची_माती आणि पिंपळगावकर, तुमचं भांडण मी काही सोडवू शकले नाही. पोपटांमुळे यापुढे मी निम्म्या रंगावर काढणार.

सासऱ्यांनी या वेळी "छान आहे" म्हटलं नाही. काहीच बोलले नाहीत. ताटली तोंडाला लावून खाली राहिलेला रस प्यायले आणि विचारलं, "अजून आहेत?"

वऱ्हाडी_ठेचा
३१ जानेवारी, रात्री ९.०५

पुसा रुबीचं काय झालं?

सोनटक्का
३१ जानेवारी, रात्री ९.२०

नऊ फळं आलीत, अजून हिरवी आहेत. पहिली दोन सचिवांच्या घरी सारासाठी द्यायची ठरलीत. पुढची तुमच्या पद्धतीने गॅसवर जाळी ठेवून भाजणार आहे. लसूण सालीसकट भाजायचा की सोलून?

वऱ्हाडी_ठेचा
३१ जानेवारी, रात्री ९.२२

सालीसकट. आणि भाकरी गरम पाहिजे.